किड्स प्रोफाइल आणि पिन लॉक: आठ महिने वापरून लिहितेय

आधीच सांगून ठेवते, कुठलं अ‍ॅप ते लिहिणार नाहीये. एक तर निम्मी चूक आमचीच होती, आणि दुसरं म्हणजे आता जवळपास सगळ्या स्ट्रीमिंगवाल्यांकडे ही सोय थोड्याफार फरकाने सारखीच असते. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल, मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन, वयाची मर्यादा, आणि एखादी मालिका नावानिशी ब्लॉक करायचं बटण. आमच्याकडे मोठा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. मारामारी, भुतंखेतं आमच्या घरात कोणी बघतच नाही, त्यामुळे कुलूप लावायची वेळ आली ती कॉमेडीमुळे. मोठ्यांसाठी बनवलेल्या कॉमेडी मालिका, ज्या मी आणि नवरा रात्री दमलेल्या डोक्याने लावतो आणि मुलं तिथेच सोफ्यावर लोळत अर्धी झोपेत अर्धी जागी ऐकत असतात.

सेटिंग करायला दहा-पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा ते कुठे आहे हे शोधण्यात. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये काही नाही, फोनवर निम्मं आणि खरं सगळं वेबसाइटवर अकाउंटमध्ये जाऊन. एकदा केलं की मात्र काम चोख. किड्स प्रोफाइलमध्ये सर्च केलं तरी मोठ्यांची मालिका दिसतच नाही, नाव तोंडपाठ असलं तरी. ऑटोप्ले बंद करता येतं, माझ्या मते अख्ख्या सेटिंगमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण भाग संपल्यावर पडदा शांत झाला तर मूल उठतं, पुढचा आपोआप सुरू झाला तर आपण टीव्ही बंद करणारे राक्षस ठरतो. काय काय बघितलं त्याची यादीही मिळते. पिनचं एवढंच की रिमोटने टाकताना पडद्यावर आकड्यावरून आकड्यावर चौकोन सरकत जातो आणि मागे बसलेलं पोर शांतपणे बघत असतं. आमचा पहिला पिन चार दिवस टिकला. आता फोनवरून टाकतो.

मग आमची चूक. दोघांना एकच प्रोफाइल केलं आणि मोठ्याला बाळबोध वाटू नये म्हणून वयाची मर्यादा एक पायरी वर नेली. झालं, कार्टूनच्या रांगेत मोठ्यांसाठी बनवलेली कार्टूनं येऊन बसली. चित्र काढलेलं आहे म्हणजे मुलांचं, हा समज आपल्या डोक्यात इतका पक्का आहे की मी स्वयंपाकघरातून रंग बघूनच निर्धास्त होते. खरं तर कार्टूनं पहिल्यापासूनच मोठ्यांसाठीही बनत आलीत. 'द फ्लिन्टस्टोन्स' १९६० मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती संध्याकाळच्या मुख्य वेळेत, मोठ्यांना धरून, आणि तिचा एक प्रायोजक चक्क सिगारेटची कंपनी होती, जाहिरातीत तीच कार्टून पात्रं झुरके मारत बसलेली. 'द सिम्पसन्स' १९८९ ची, तीही मोठ्यांना धरूनच. 'साउथ पार्क' १९९७ मध्ये आली तेव्हापासून तिच्यावर टीव्ही-एमए म्हणजे फक्त मोठ्यांसाठी असा शिक्का आहे, आणि चित्रं बघाल तर बालवाडीतल्या मुलांनी रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखी. त्यामुळे पहिला सल्ला, प्रत्येक मुलाला वेगळं प्रोफाइल करा, भावंडांची मोट एकत्र बांधू नका.

हे निस्तरलं आणि मला वाटलं झालं, घर सुरक्षित.

मग माझी बहीण दोन दिवस राहून निघाली. दारात चपला घालत होती, बॅग खांद्याला, आणि आमची सहा वर्षांची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला, सुटलो एकदाचे!" आणि बोलून झाल्यावर ती थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघत. मला एक सेकंद कळेना ही कशाची वाट बघतेय, मग लक्षात आलं की ही हशाची वाट बघतेय. आम्ही बघतो त्या मालिकेत सासू घराबाहेर पडली की जावई हेच वाक्य टाकतो, दर वेळी, आणि दर वेळी मागून हास्याचा धबधबा. बहीण समजूतदार, ती हसली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. पुढचे तीन आठवडे ते वाक्य सगळ्यांना मिळालं. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला, डॉक्टरांना, आजोबांना, आणि शेवटी वर्ग सुटताना शाळेतल्या बाईंना. डायरीत निरोप आला. नम्र भाषेत होता, त्यामुळे जास्तच लागला.

आता गंमत बघा, त्या मालिकेत शिवी नाही, चुंबन नाही, रक्त नाही, दारूचा पेला नाही. वयाच्या चाळणीतून ती अगदी आरामात खाली पडते. अमेरिकन मालिकांवर जे रेटिंग दिसतं ना, टीव्ही-पीजी, टीव्ही-१४ वगैरे, ते १९९७ पासून आहे, आणि त्याच वर्षी त्याला अक्षरं जोडली गेली. डी म्हणजे सूचक बोलणं, एल म्हणजे असभ्य भाषा, एस म्हणजे लैंगिक प्रसंग, व्ही म्हणजे हिंसा. टोमण्याला अक्षर नाही. घालूनपाडून बोलण्याला नाही, जाड्या माणसाला जाड्या म्हणून हसण्याला नाही, बायको मूर्ख किंवा नवरा मूर्ख या एकाच खुंटीवर वीस मिनिटं टांगण्याला नाही. ब्रिटनमध्ये टीव्हीवर रात्री नऊची रेघ आहे, मुलांना न चालणारं त्याच्या आधी लावायचं नाही, पण आपण पाहिजे ते पाहिजे तेव्हा लावणारी माणसं, आपल्याकडे नऊ कधी वाजतच नाहीत. आणि वाजले असते तरी ती सासूवाली मालिका संध्याकाळी सातलाही चालली असती.

म्हणून लोक जेव्हा विचारतात की मोठ्यांची कॉमेडी लहान मुलांनी बघावी का, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 'तसले' जोक असतात. खरं सांगू का, मला त्यांची सगळ्यात कमी काळजी वाटते. ते डोक्यावरून जातात. धाकटीने एकदा विचारलं हे का हसले, मी म्हटलं मोठ्यांच्या लग्नाबद्दल काहीतरी होतं, तिने बरं म्हटलं आणि उशीचं किल्ला-किल्ला सुरू केलं. न कळलेला जोक मुलाला चिकटत नाही. चिकटतो तो अर्धा कळलेला. आणि टोमणा नेमका अर्धाच कळतो, शब्द कळतात, मागचं कळत नाही. चार-पाच वर्षांच्या आसपास मुलांना उमगायला लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, पण माणूस बोलतोय एक, त्याला म्हणायचंय उलटं, आणि वर तो गमतीने म्हणतोय, हे तिन्ही पदर नीट सुटायला पुढे बरीच वर्षं जातात. 'वा, काय हुशार आहेस' हे सहा वर्षांच्या मुलीला कौतुक वाटू शकतं. किंवा चेहरा बघून अपमान कळतो, पण त्यातली माया नाही कळत. मालिकेतले जावई-सासू आतून एकमेकांना धरून आहेत हे आपल्याला शंभर भाग बघून माहितीये. तिने बघितलेत सलग चार मिनिटांचे तुकडे.

आणि त्यावर तो हशा. धाकटीनेच एकदा विचारलं होतं, "आई, हे कोण हसतंय? ते कुठे बसलेत?" मी काहीतरी उत्तर दिलं, नंतर वाचलं तेव्हा चाट पडले. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनिअरने एक पेटीच बनवली होती, त्यात वेगवेगळ्या तऱ्हेचं हसणं टेप करून ठेवलेलं, आणि टाइपरायटरसारख्या बटणांवर बोटं ठेवून पाहिजे तिथे पाहिजे तेवढं हसू वाजवायचं. म्हणजे कुठे हसायचं ते ठरवणारा माणूस होता. 'मॅश' नावाची युद्धातल्या डॉक्टरांची मालिका, १९७२ ते ८३ चालली, तिच्यात निर्मात्यांना हे हसणं नकोच होतं, चॅनेल ऐकेना, शेवटी ऑपरेशनच्या खोलीतल्या प्रसंगांना हसू लावायचं नाही एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं. बनवणाऱ्यांनाच माहिती होतं की मागून हसू आलं की समोरच्या गोष्टीचा अर्थ बदलतो. आपण मोठी माणसं त्याला पार्श्वसंगीतासारखं ऐकतो. मुलाला मात्र तो निकाल वाटतो. पन्नास माणसं हसली म्हणजे हे बोलणं भारी.

मानसशास्त्रातला तो बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, अल्बर्ट बँड्यूरा, १९६१, स्टॅनफर्डच्या नर्सरीतली मुलं. मोठ्या माणसाने बाहुलीला बदडताना बघितलं की मुलांनी तसंच बदडलं, वर तेच शब्द उच्चारले. १९६३ मध्ये तेच फिल्मवर दाखवून केलं, एका गटाला तर मांजरीचा वेश घातलेली, कार्टूनसारखी बाई दाखवली, तरी मुलांनी उचललंच. मी काही त्यावरून कॉमेडी बघणारी सगळी पोरं उद्धट होतात असं म्हणत नाहीये, बाहुली बडवणं वेगळं आणि सासूवर वाक्य टाकणं वेगळं. पण आमच्या दारात जे झालं ते त्याच जातीचं होतं, शब्दासकट आणि कमरेवरच्या हातासकट.

नवऱ्याचं म्हणणं, आपण लहानपणी घरात एकच टीव्ही होता, मोठे जे लावतील ते बघितलं, काय बिघडलं आपलं? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तेव्हा आठवड्याला एक भाग यायचा आणि संपला की संपला, आता तेच वाक्य एका रात्रीत सहा वेळा कानावर पडतं. आणि काही बिघडलं नाही असं तो म्हणतोय, त्याच्या टोमण्यांवर माझं स्वतंत्र मत आहे. असो.

मोठ्यांचं म्हणून सगळंच बंद, असंही मी केलेलं नाही. मिस्टर बीन १९९० मध्ये आला तो काही शिशुवर्गासाठी बनवला नव्हता, पण दोन्ही पोरं पोट धरून हसतात आणि मी निर्धास्त असते. तो कमी खवीस आहे का? अजिबात नाही. पण त्याने केलेली लबाडी बहुतेक वेळा त्याच्याच अंगाशी येते, आणि तो जवळपास बोलतच नाही, त्यामुळे घरी आणायला वाक्यच नसतं. पडणं, अडकणं, फजिती, हे सहा वर्षांच्या बुद्धीला पुरतं कळतं. मी आता कुठलीही कॉमेडी लावताना रेटिंग नंतर बघते, आधी दोन भाग स्वतः बघते की यात हसणं कोणावर आहे.

मोठ्याबरोबर एक प्रयोग केला तो सांगते. मागचं हसणं काढून टाकलेले मालिकांचे तुकडे नेटवर सापडतात. एक लावला. ज्या पात्रावर तो फिदा होता तेच पात्र वाक्य टाकतं आणि नुसतंच उभं राहतं, खोलीत सन्नाटा. पोरगा आधी हसला, मग थांबला, मग म्हणाला, "हा किती वाईट बोलतो गं." नऊ वर्षांच्या मुलाशी हे बोलता येतं. सहा वर्षांचीला तोच तुकडा दाखवला तर म्हणाली आवाज बिघडलाय.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला साधारण एक तास आणि तोही मोठ्यांनी सोबत बसून, असं सांगितलं होतं. आमची धाकटी त्यातून वर्षभराने सुटली, पण सोबत बसायचं ते धरून ठेवलंय. शेजारी बसून आपण फोनमध्ये असलो तर ती सोबत नव्हे, हे मी स्वतःलाच सांगतेय. आणि अ‍ॅप मला किड्स प्रोफाइलवर वेळेची मर्यादा लावू देत नाही, त्याचा एक स्टार कापला.

दुसरा स्टार रेटिंगसाठी कापला. एवढी यादी ठेवतात, आम्ही काय बघितलं, कुठे थांबवलं, मग मालिकेच्या माहितीत 'यात माणसांना टाकून बोलणं बरंच आहे' अशी एक ओळ घालायला काय हरकत होती. हिंसा, भाषा, नग्नता सगळं लिहिलेलं असतं, हे नाही.

तर पाचपैकी तीन. ज्यांची मुलं स्वतः रिमोट घेऊन बसतात त्यांनी आजच प्रोफाइल वेगळी करा, ऑटोप्ले बंद करा, पिन फोनवरून टाका, त्यासाठी हे कुलूप खरंच चांगलं आहे. पण आमच्यासारखं तुम्हीच हॉलमध्ये लावत असाल तर यातलं एकही बटण उपयोगाचं नाही, कारण प्रोफाइल तुमचं असतं आणि पिन तुम्हीच टाकलेला असतो. आम्ही सासूवाली मालिका आता मुलं झोपल्यावर बघतो. दोन हेडफोन एकाच टीव्हीला जोडायचे कसे हे कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, आमच्याकडे एकच जोडला जातोय आणि तो नवऱ्याने घेतलाय.