मेथिलफेनिडेट, ११ महिने: गुण आला, डबा परत आला

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान झाल्यावर वर्षभर आम्ही गोळी टाळली. ‘डोक्याची गोळी’ म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडायचा, आणि खरं सांगायचं तर माझाही. शेवटी गेल्या जूनमध्ये ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. नंतर १० ची, हळूहळू विरघळणारी.

गुण पहिल्याच आठवड्यात दिसला. पाढे लिहायला बसलेला मुलगा पाढे संपेपर्यंत उठला नाही. गुंगी वगैरे काही नाही, बॅट हातात आली की आरडाओरडा तोच.

त्रास डब्याचा. थालीपीठ द्या नाहीतर पोळीभाजी, डबा जसाच्या तसा परत. रात्री साडेनऊला मात्र भूक खवळायची. चार महिन्यांत वजन किलोभर उतरलं, आणि आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी एकदाही उंची मोजली नव्हती! डॉक्टर बदलले. आता गोळीच्या आधी घावन आणि अंडं, रात्री तूप घालून वरणभात. दर तीन महिन्यांनी उंची, वजन, नाडी, बीपी.

सवय लागेल का, असं सगळे विचारतात. उंचीचं कुणीच विचारत नाही. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती. त्यांच्यावर पुढे पंचविशीपर्यंत लक्ष ठेवलं, तेव्हा सातत्याने गोळी घेतलेल्यांची उंची अधूनमधून घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे २.४ सेंटिमीटर कमी भरली. शिवाय औषध मिळालेल्या गटाची सुरुवातीची आघाडी तिसऱ्या वर्षी उरलीच नव्हती. हे वाचून दोन रात्री झोप नाही. म्हणजे एकदा सुरू केली आणि विसरलो, असं चालणारं औषध हे नाही.

मिळवणं हा वेगळाच व्याप. शेड्यूल एक्स, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध, चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदार ठेवून घेतो. व्हिडिओ कॉलवर लिहून मिळत नाही. गोखले रोडवर तीन दुकानांत ‘ठेवत नाही’ ऐकलं, चौथ्याने दोन दिवसांनी मागवून दिलं. गोळ्यांचं पान संपायच्या आठवडाभर आधीच हालचाल करा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

मे महिन्यात डॉक्टरांना विचारून थांबवली. आंब्यांवर ताव मारून स्वारी सव्वा किलोने वाढली, आणि गृहपाठाची वही पहिल्या पानावरच अडली. पुन्हा सुरू करायची का, हे त्यालाच विचारलं. म्हणाला, “डबा नको वाटतो गं. पण बाई ओरडत नाहीत.”