गूगल पेटंट्स: व्हिडिओ गेमची पेटंट्स मुळातून वाचणाऱ्यांसाठी

एखाद्या गेम कंट्रोलरमागची किंवा इलेक्ट्रॉनिक खेळण्यामागची कल्पना मुळात कोणाची आणि तिच्यावरचा हक्क नेमका कुठवर पोहोचतो, हे समजून घ्यायचे असेल तर बातम्या पुरत नाहीत, मूळ पेटंटच वाचावे लागते. या कामासाठी २००६ साली सुरू झालेली गूगल पेटंट्स ही मोफत सेवा आज सर्वांत सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटंटचा क्रमांक टाकला की आकृत्या, तपशीलवार वर्णन आणि दावे (हक्काची व्याप्ती सांगणारी कलमे) एकाच पानावर समोर येतात, मूळ छापील प्रत पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते आणि त्या पेटंटने कोणत्या जुन्या पेटंट्सचा आधार दिला, पुढे कोणी त्याचा उल्लेख केला, हा माग दोन्ही दिशांनी काढता येतो. १९४८ साली मंजूर झालेले गोल्डस्मिथ आणि मॅन यांचे कॅथोड किरण नळीवरच्या खेळाचे पेटंट (क्रमांक २४५५९९२) तिथे जरूर उघडून पाहावे. मात्र १९७६ पूर्वीच्या पेटंट्सचा मजकूर छापील पानांवरून यंत्राने उतरवलेला असल्यामुळे त्यात अक्षरांच्या चुका राहिल्या आहेत. तिथे पीडीएफच प्रमाण मानावी.

या सेवेचे खरे मोल आणि तिची खरी मर्यादा एकट्याने काम करणाऱ्या संशोधकाच्या पेटंटमध्ये दिसते. ब्रॅड आर्मस्ट्राँग यांच्या ‘कंपनासह त्रिमितीय कंट्रोलर’ या पेटंटवरून (क्रमांक ६९०६७००) त्यांच्या अ‍ॅनास्केप कंपनीने निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीवर खटला भरला आणि २००८ साली ज्यूरीने २.१ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. २०१० साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. २००० सालच्या या अर्जाला १९९६ सालच्या आधीच्या अर्जाची तारीख मिळावी, अशी मागणी होती; परंतु जुन्या अर्जातले वर्णन सहा दिशांनी हलणाऱ्या एकाच नियंत्रकाचे (कंट्रोलरवरच्या हाताने हलवायच्या भागाचे) होते आणि नव्या दाव्यांत एकाहून अधिक नियंत्रक सामावून घेतले होते. जुनी तारीख नाकारली गेल्यावर मधल्या काळात आलेली उपकरणे आधीचे ज्ञान, म्हणजे अर्जापूर्वीच उघड झालेली कल्पना, ठरली आणि दावे टिकले नाहीत. आपल्या कल्पनेची व्याप्ती पहिल्याच अर्जात पुरेशी न मांडल्याची एवढी मोठी किंमत मोजावी लागते, हे त्या दोन पेटंट्सची वर्णने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मनावर ठसत नाही, आणि ही सेवा ते वाचन अगदी सोपे करते.

पण पानावर ठळकपणे दिसणारी अग्रक्रमाची तारीख, म्हणजे कल्पनेचा हक्क ज्या दिवसापासून मोजला जातो ती तारीख, हे केवळ अनुमान आहे, कायदेशीर निष्कर्ष नव्हे, असे ही सेवा स्वतःच नोंदवते. पेटंट चालू आहे की संपले, या नोंदीलाही हाच इशारा लागू आहे. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी देखभाल शुल्क भरावे लागते आणि ते न भरल्यास पेटंट मुदतीआधीच संपते. पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या संशोधकाला हा भार जड जातो, त्यामुळे अशा पेटंटची स्थिती तपासताना वरच्या एका ओळीवर न थांबता खालची कायदेशीर घटनांची यादी वाचणे आवश्यक आहे.

शोधाबाबत एक सूचना. केवळ संशोधकाच्या नावाने शोधल्यास नावाच्या वेगवेगळ्या लेखनामुळे काही पेटंट्स निसटतात, तेव्हा नावासोबत पेटंट वर्गीकरणातला व्हिडिओ गेमचा ए६३एफ १३ हा वर्गही द्यावा. सारांश वाचून मत मात्र बनवू नये, कारण हक्काची सीमा दाव्यांत असते आणि सारांश बहुधा त्याहून बराच ऐसपैस वाटतो. परीक्षकाने कोणते आक्षेप घेतले आणि ते दूर करताना संशोधकाने कोणते शब्द सोडून दिले, हा पत्रव्यवहार गूगल पेटंट्सच्या पानावर वाचायला मिळत नाही. त्यासाठी अमेरिकी पेटंट कार्यालयाचे पेटंट सेंटर हे संकेतस्थळ उघडावे लागते, आणि स्वतःचा अर्ज करण्याच्या तयारीत असलेल्या माणसाने तो टप्पा टाळू नये.