थेरपिस्ट ठरवण्याआधी वेटिंग रूममध्ये कान देऊन बसा

गेल्या आठवड्यात तापाने फणफणलो होतो म्हणून सकाळी सेशन रद्द केलं, तर पूर्ण फी लागली. चोवीस तास आधी कळवायचं हे संमतीपत्रात लिहिलेलं आहे, सही माझीच आहे. तरी आजारपणाला सूट हवी, असं माझं ठाम मत आहे. एवढं होऊनही मी या थेरपिस्टना सोडणार नाही.



आधी ज्या समुपदेशकांकडे जायचो ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिक्षण चोख, बोलणं समंजस. पण त्यांच्या खोलीचं दार! पातळ प्लायवूडचं, खाली बोटभर फट. बाहेर बसल्या बसल्या आतल्या बाईंचा हुंदका ऐकू आला, आणि सासूबद्दलचं अख्खं वाक्यही. माझा नंबर लागला तेव्हा मी आवाज खाली आणून बोलत होतो आणि जे सांगायला गेलो होतो ते राहूनच गेलं. तक्रार केली तर "बाहेर कोण लक्ष देतंय?" हे उत्तर. कुणाच्या जिवाला धोका असल्याशिवाय तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही, असं फॉर्मवर छापायचं आणि दाराच्या फटीकडे बघायचंही नाही, हे मला अजिबात पटत नाही. फी त्या खोलीत मोकळेपणाने बोलता यावं म्हणूनच देतो ना आपण?

आत्ताच्या थेरपिस्टच्या दाराबाहेर जमिनीवर एक छोटं व्हाइट नॉइज मशीन असतं. पंख्यासारखी एकसुरी घरघर. मी मुद्दाम कान देऊन बसलो, आतला एक शब्द कळला नाही. शिवाय सेशन पन्नास मिनिटांचं आणि मध्ये दहा मिनिटं मोकळी, त्यामुळे आधीचा माणूस समोरासमोर येत नाही. यांच्याकडे पोचायला दोनदा गाडी बदलावी लागते, ते मी आनंदाने करतो.

पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या प्रश्नावलीबद्दल मात्र माझं मत बदललं. दर काही सेशननंतर त्या हा कागद पुढे ठेवतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं. सुरुवातीला हे फार कोरडं वाटायचं. मध्यंतरी काहीच फरक पडत नाही म्हणून थेरपी थांबवून पैसे वाचवायचा विचार पक्का होत आला होता, तेव्हा त्यांनी जुने कागद शेजारी शेजारी मांडले. झोपेच्या ओळीत आधी ३, मग २, मग १. पहाटे चारची जाग थांबली होती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. या कागदावरून निदान होत नाही, ते त्या स्वतःच सांगतात. पण आपण पुढे सरकतोय की नाही हे त्यातून दिसतं. म्हणून पहिल्या फोनवरच विचारा: फरक पडतोय हे तुम्ही कसं तपासता? नीट उत्तर आलं नाही तर दुसरं नाव बघा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येयाबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि आपसातला विश्वास. आधीच्या ठिकाणी पहिले दोन होते, तिसरा त्या दारामुळे जमलाच नाही.

रद्द सेशनच्या फीचा राग मी पुढच्याच सेशनमध्ये बोलून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पैसे परत मिळाले नाहीत, पण यापुढे आजारी असलो तर त्याच वेळी फोनवर सेशन घ्यायचं ठरलं. आता दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदाच जातो, त्यामुळे महिन्याचा खर्चही निम्म्यावर आला आहे.