निरीक्षणाची नोंद कशात ठेवायची? वही, चिठ्ठ्या, तक्ता की मोबाईल

जूनमध्ये बालवाडीचं वर्ष सुरू होण्याआधी, मे महिन्यातच एक गोष्ट ठरवून टाकलेली बरी: मुलांच्या वाढीच्या नोंदी यंदा कशात ठेवायच्या. इथली तुलना रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अशा बालवाडीसाठी किंवा पाळणाघरासाठी आहे, जिथे 20 ते 25 मुलं, एक ताई आणि एक मदतनीस असतात. अंगणवाडी असेल तर पोषण ट्रॅकर (मुलांच्या वजन-उंचीचं सरकारी ॲप) भरावाच लागतो, तिथे निवडीचा प्रश्न नाही. बाकीचं सगळं मात्र तिथेही लागू पडतं.

साधन निवडायच्या आधी नोंद म्हणजे काय ते डोळ्यासमोर हवं. "सान्वी हुशार आहे, पण हट्टी आहे" ही नोंद नव्हे, हे आपलं मत झालं. नोंद अशी असते:

"12 ऑगस्ट, सकाळी 10.20. भातुकली. सान्वीने करवंटीत वाळू भरली, वर दुसरी करवंटी झाकली, समोरच्या मुलीला दिली. 'चाय घेवा.' शेजारच्या मुलाने करवंटी ओढली. तिने सोडली नाही. म्हणाली, 'थांब, तुका दुसरी देतंय.' उठून कोपऱ्यातून तिसरी आणून दिली."

लिहायला तीन मिनिटं लागली. पण लुटुपुटूचा खेळ, बोलणं, भांडण मिटवायची तिची रीत, दोन्ही हातांचं काम हे सगळं त्यात आलं. वर्षभराने दुसऱ्या कुणी वाचलं तरी समजेल. जे साधन अशा ओळी लिहू देतं ते कामाचं, जे देत नाही ते जोडीला ठेवायचं. आमची फूटपट्टी एवढीच आहे.

वही

200 पानी लांब वही घ्या. 24 मुलांना प्रत्येकी 8 पानं दिली की 192 होतात, उरलेल्या 8 पानांत नावांची यादी आणि पानांचे आकडे. रोज तीनच मुलं ठरवून बघायची, म्हणजे आठ कामाच्या दिवसांत सगळ्यांची एक फेरी होते. गौरी-गणपतीची आणि पावसाची सुट्टी धरली तरी बहुतेक महिन्यांत प्रत्येकाच्या दोन नोंदी पडतात. ही "रोज तीन"ची शिस्त नसली की वहीचं एक ठरलेलं दुखणं सुरू होतं: दंगा करणाऱ्या चार मुलांची पानं भरतात आणि कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलाचं पान डिसेंबरपर्यंत कोरं राहतं. खरं तर त्याच्याकडेच आधी लक्ष जायला हवं होतं.

पेन बॉलपेनच हवं. जेल पेनची आणि शाईची अक्षरं जुलैच्या दमट हवेत फुटतात. वही पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि उघडीप मिळाली की वारा द्या. भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवली तर बुरशी धरते, कसरही लागते.

वहीची खरी अडचण वेगळीच आहे. मुलं समोर असताना ती उघडून बसता येत नाही. मग लिहिणं दुपारवर जातं, आणि दुपारपर्यंत मुलाचे नेमके शब्द डोक्यातून गेलेले असतात.

चिठ्ठ्या

ती अडचण चिठ्ठ्यांनी सुटते. एका कागदाचे चार तुकडे करायचे, दहा-बारा तुकडे आणि पेन्सिल खिशात ठेवायची. घडलं की तिथल्या तिथे दोन ओळी: नाव, तारीख, वेळ, मूल काय बोललं. दुपारी ती चिठ्ठी त्या मुलाच्या पानावर लावायची. मदतनीसही लिहू शकते आणि तिने लिहायलाच हवं. जेवताना, हात धुताना, शी-शूच्या वेळी मुलं तिच्यासोबत असतात आणि ताईला न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी तिला दिसतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. नाव न घातलेली चिठ्ठी दोन दिवसांनी कुणाचीच राहत नाही, म्हणून नाव आधी, मजकूर नंतर. दुसरं म्हणजे टाचण्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत स्टेपलरच्या पिना एका पावसाळ्यात गंजतात, तांबडा डाग पसरून अक्षरं खातो. डिंकाने चिकटवा किंवा भोक पाडून दोऱ्यात ओवा. प्लास्टिकच्या खिशांची फाईल दिसायला छान असते, पण ओल आत अडकली की चित्रं आणि फोटो त्याच प्लास्टिकला चिकटून बसतात.

विकासाच्या टप्प्यांचा तक्ता

सगळ्यांना सर्वांत सोपा वाटतो तो हा. ओळी छापलेल्या असतात, खूण केली की झालं. तक्ता हवाच, कारण वहीत जे निसटतं ते तो विचारतो. आठ महिन्यांत एकाही मुलाला एका पायावर उभं राहताना पाहिलंच नव्हतं, हे तक्ता समोर आल्यावर कळतं. पण नोंदीच्या जागी एकटा तक्ता ठेवला तर तो फसवतो.

पहिली फसगत: सगळ्या मुलांचे तक्ते एकाच संध्याकाळी आठवणीने भरले जातात. मग हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला सगळीकडे "येतं" आणि त्रास देणाऱ्याला सगळीकडे "येत नाही". उपाय असा की खूण करताना तिच्याशेजारी वहीतल्या नोंदीची तारीख लिहायची. तारीख सापडत नसेल तर खूण करायची नाही.

दुसरी: "येत नाही" आणि "अजून पाहिलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बहुतेक तक्त्यांत दुसऱ्याला रकानाच नसतो. ज्या मुलाच्या हातात कात्री कधी दिलीच नाही त्याच्यापुढे "कात्रीने कापता येत नाही" लिहिणं हा त्या मुलावर अन्याय आहे. तिसरा रकाना हाताने आखून घ्या.

तिसरी वयाची. टप्प्यांना मोठा पल्ला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांप्रमाणे आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिन्यांत कधीही येऊ शकतं आणि स्वतःचं स्वतः चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत. काही निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. एकच महिना छापलेला तक्ता घेऊन 13 महिन्यांच्या बाळाच्या आईला घाबरवू नका. मूल दिवसांआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत तेवढं वय वजा करून बघायचं: दोन महिने आधी आलेलं बाळ 12 महिन्यांचं झालं की तक्त्यात 10 महिन्यांची ओळ पाहायची.

आणि भाषेची. आपल्याकडे ही चूक सगळ्यांत जास्त होते. घरी मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलणारं मूल, उदाहरणार्थ मालवणीत, "माका व्हया", "बाबा खंय गेलो?" असं बोलतं, तेव्हा ते पूर्ण बोलत असतं. तक्त्यात मात्र "वाक्यात बोलत नाही" अशी खूण होते, कारण ताई प्रमाण मराठीची वाट बघत असते. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांचं तर विचारूच नका, ती वर्गात महिनोन्महिने गप्प असतात. अशा मुलाचं बोलणं आई न्यायला येते तेव्हा दारात उभं राहून ऐका आणि कुठल्या भाषेत किती शब्दांचं वाक्य बोललं ते लिहा. भाषा कळली नाही तरी लांबी, हावभाव, प्रश्नाचा सूर कळतो.

तक्ता वर्षातून तीनदा पुरे: ऑगस्ट, डिसेंबर, एप्रिल. जूनमध्ये भरू नका, नवी मुलं तेव्हा रडत असतात आणि काहीच दाखवत नाहीत.

मोबाईल

फोटो आणि आवाज पटकन टिपता येतात, ही मोबाईलची मोठी सोय. ठोकळ्यांचा मनोरा, वाळूतलं चित्र यांचा फोटो शंभर शब्दांचं काम करतो. पण ओळ न लिहिलेला फोटो तीन महिन्यांनी नुसता गोड फोटो राहतो. मुलाने ते कसं केलं, कितव्या प्रयत्नात केलं, हे त्यात नसतं. बोलून ठेवलेले संदेश त्याहून वाईट, कारण ते पुन्हा कुणी ऐकत नाही आणि शोधताही येत नाहीत. बोलून टाईप करायची सोय मराठीत चालते, पण बोलीतले शब्द ती प्रमाण करून टाकते, आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात.

फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. मागे दुसऱ्यांची मुलं असतात, फोटो पुढे कुठे जातो ते कळत नाही आणि आई-बाप मुलांची तुलना सुरू करतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या. चेहऱ्याऐवजी हाताचा आणि कामाचा फोटो काढा, ज्याचा त्या आई-बापाला दाखवा आणि निवडक एक-दोन छापून बाकीचे महिन्याअखेरीस पुसून टाका.

वजन, उंची आणि पोषण ट्रॅकर

हे आकड्यांचं काम आहे आणि वेगळंच ठेवावं. मार्च 2021 पासून अंगणवाड्यांत पोषण ट्रॅकर आहे. त्यात वजन-उंची गेली की मूल वाढीच्या कुठल्या पट्ट्यात आहे ते लगेच दिसतं. हाताने आलेख काढण्यापेक्षा हे नक्कीच बरं, फक्त आत जाणारा आकडा खरा हवा. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मापायचं, त्यापुढे उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो. शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर काटा चुकतो, खाली सपाट लादी ठेवा. पावसात भिजलेले कपडे उतरवूनच वजन करा. आणि लक्षात घ्या, वजन हिरव्या, म्हणजे ठीक, पट्ट्यात आहे म्हणून बोलणं, खेळणं ठीक आहे असं होत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

ताई एकटी असेल, मदतनीस लिहिती नसेल तर वही आणि वर्षातून तीनदा तक्ता, बस. मदतनीस लिहिती असेल तर चिठ्ठ्या नक्की घ्या, याहून चांगली पद्धत आम्हाला माहीत नाही. पाळणाघरात दीड-दोन वर्षांची बाळं असतील तर तक्त्याला जास्त महत्त्व द्या आणि झोप, खाणं, शी-शूची रोजची पाटी वेगळी ठेवा, ती निरीक्षणात मिसळू नका. महिन्याचे पैसे घेणारं ॲप घ्यायचं असेल तर दोनच गोष्टी तपासा: नेटवर्क नसताना त्यात लिहिता येतं का, आणि वर्षअखेरीस सगळ्या नोंदी छापून मिळतात का. खाडीपलीकडच्या वाडीत पावसाळ्यात नेटवर्क जातं तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर कळतं, पण तोवर पैसे गेलेले असतात.

कुठलीही पद्धत असो, शनिवारी अर्धा तास नोंदी वाचायला ठेवा. कुणाची नोंद नाही, कुणाच्या नोंदीत तेच ते येतंय ते बघा आणि पुढच्या आठवड्याची तीन-तीन नावं त्यावरून ठरवा.

मुलाने आधी येत असलेले शब्द किंवा हालचाल सोडून दिली, हाक मारल्यावर वळत नाही, असं दोन-तीन नोंदींत दिसलं तर पुढच्या तक्त्याची वाट बघू नका. निदान आपण करायचं नाही, निदानाचा शब्दही पालकांपुढे काढायचा नाही. तारखेसह पाच-सहा नोंदी एका कागदावर उतरवून पालकांच्या हाती द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांनाही तोच कागद दाखवा. गरज वाटली तर ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. "हल्ली जरा मागे वाटतो" या वाक्यावर डॉक्टरला काही करता येत नाही. "3, 9 आणि 17 सप्टेंबरला मागून तीनदा हाक मारली, वळला नाही, ताटली वाजवली तेव्हा वळला" यावर करता येतं.