केस हार्डनिंग पावडर वापरून बघितली, एमएसला पाणी चढतं पण कातडीपुरतंच

ही पावडर एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ लोखंड) वरची कातडी कडक करायला असते; लोखंड तापवून पाण्यात बुडवून कडक करणं म्हणजेच पाणी चढवणं. तीन स्टार देतोय. एक पॅकिंगवर कापला, एक सोबतच्या माहितीच्या कागदावर. पावडरवर तसा राग नाही.

आधी गरज काय पडली ते सांगतो. तासगाव साइडला मेव्हण्याची द्राक्षबाग आहे, त्याच्या फवारणीच्या ब्लोअरच्या जोडाची पिन दर सीझनला झिजते, बाजारात मिळते ती एमएसची आणि चार महिन्यांत तिला मधोमध कंबर पडते. माझ्याकडं सांगलीत घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आहे, रविवारची खुडबूड तिथंच. म्हटलं पिन आपणच करू आणि कडक पण करू. 25 एमएमचा एमएसचाच ब्राइट बार (गुळगुळीत सळई) आणला, पिन ओढली, कोळशाच्या भट्टीत लालबुंद केली आणि दिली पाण्यात टाकून. चुर्र झालं, वाफ निघाली, लई भारी वाटलं, आणि कानस लावली तर आधीसारखीच लोण्यावानी कापतेय! शेजारचे मामा टूलरूममधनं रिटायर झालेत, ते कट्ट्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "अरे त्यात कार्बनच नाही, पाणी कुणाला पाजतोयस?"

आता यात चूक माझीच. एमएसमध्ये कार्बन फार तर 0.25 टक्का, आणि नीट पाणी चढायला निदान 0.3 च्या वर तरी पाहिजे. ईएन8 मध्ये (जास्त कार्बनचं एक स्टील) साधारण 0.4 असतो म्हणून ते चढतं. एमएसला कार्बन बाहेरनं खायला घालावा लागतो, तो पण लालबुंद असताना, आणि तेवढ्यासाठीच ही पावडर.

ऑनलाइन मागवली, 1 किलो. कंपनीचं नाव घेत नाही, पण पावसाळ्यात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पावडर पाठवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? कोपरा फाटलेला, निम्म्या पावडरीची ढेकळं. मी तशीच वापरायला गेलो, ओली पावडर तापल्या लोखंडाला लागली की तडतड उडते, मनगटावर दोन डाग अजून आहेत. मग बाकीची भट्टीशेजारी पत्र्यावर पसरून वाळवली. गॉगल आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय याच्या नादाला लागू नका, आणि शेडची दारं उघडी ठेवा.

वापरायची पद्धत सोपी आहे. पिन लाल झाली की मॅग्नेट लावून बघायचा, 770 डिग्रीच्या आसपास चिकटायचा बंद होतो, पण तिथं थांबायचं नाही, अजून वर न्यायची, रंग नारंगीकडं झुकला म्हणजे 900 च्या घरात आली. मग पावडरीत लोळवायची. ती काकवीसारखी वितळून पिनेला धरते. परत भट्टीत, परत पावडरीत, असं मी तीनदा केलं आणि शेवटी पाण्यात. वरची खपली ब्रशनं काढली, खाली राखाडी कातडी, आणि त्यावर कानस काचेवरनं घसरावी तशी घसरली. मामा काही बोलले नाहीत, कानस हातात घेऊन स्वतः दोनदा ओढून बघितली, बास.

पण पिन पाण्यात आडवी टाकली होती. लेथवर लावून फिरवली तर वाकलेली. मी शहाणपणा करून एमरीच्या चाकावर घासून सरळ केली, आणि ज्या बाजूनं जास्त घासली तिथं कानस परत कापायला लागली. घरच्या भट्टीत थोडा वेळ केलं तर कडक थर अगदी पातळच बसतो, घासला की गेला. म्हणजे फायनल माप आधीच काढायचं, आणि लांब पीस उभाच बुडवायचा. दुसरी पिन तशी केली, जवळजवळ सरळ निघाली.

कागदावर यातलं काहीच नाही. "फुल हार्ड" असं छापलंय, तेही खोटंच, कारण आतनं लोखंड मऊच राहतं. खरं तर तीच यातली खुबी आहे, वरनं झिजत नाही आणि आतनं मऊ म्हणून दणक्यानं तुटत नाही. टेंपरिंगचा, म्हणजे कडक केल्यावर परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवायचा, शब्द नाही. मी घरच्या ओटीजीत 200 डिग्रीला तासभर ठेवली, घासलेल्या जागी हळदीचा फिका रंग आला की समजायचं झालं. बायको म्हणाली आता यात केक होणार नाही. तिचं बरोबर आहे, मी जुना ओटीजी शोधतोय.

जाड थर पाहिजे असेल तर पावडरीचा हा लाल-करा-लोळवा प्रकार पुरत नाही. जाड पाइपच्या डब्यात लाकडी कोळशाचा चुरा नि थोडा धुण्याचा सोडा भरून, पीस मधोमध ठेवून, झाकण मातीनं लिंपून 900-950 डिग्रीला तीन-चार तास ठेवलं तर एक एमएमच्या आसपास थर मिळतो, पण तेवढा वेळ घरची भट्टी एका रंगावर धरून ठेवणं म्हणजे रात्रभर गुऱ्हाळाचं चुलवाण सांभाळल्यासारखं. वीसपंचवीस पिना असतील तर सरळ कुपवाड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाल्याकडं टाका, किलोवर भाव करतात, किती एमएम केस (कडक थर) पाहिजे ते मात्र आधी सांगा. एका पिनेसाठी कोणी भट्टी पेटवत नाही, तिथं ही पावडर कामाची.

आणि कोणी जुनं सायनाइडचं मीठ "यानं एकदम झकास होतं" म्हणून देत असेल तर लांबनंच हात जोडा.

दुसरी पिन ब्लोअरला लावून दोन महिने झाले, परवा मेव्हण्यानं फोटो पाठवला, ऑइल नि चिखलातनं दिसली तेवढी गोल आहे. अर्धा किलोचं पाकीट मिळत असेल तर तेच घ्या, आणि आल्या आल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओता.