आठ महिन्यांनंतर: स्टॅबिलिटी कंट्रोल, टायरचे तापमान आणि गाडीची पकड

मागच्या चाकांना ताकद देणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार मी आठ महिने आणि सुमारे अकरा हजार किलोमीटर चालवली असून त्यात ट्रॅकवरचे सहा दिवसही आले. या गाडीतील इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलविषयी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेविषयी, माझे पहिले मत प्रतिकूल होते, आणि ते मी थंड टायरवर बनवले होते हे लक्षात यायला दोन महिने गेले.

थंडीतील एका पहाटे बाहेर ६ अंश सेल्सियस तापमान होते आणि रस्ता पूर्ण कोरडा होता. घरापासून दोन किलोमीटरवरच्या चौकाला वळसा घालून बाहेर पडताना मी दुसऱ्या गिअरमध्ये नेहमीइतकाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीची मागची बाजू बाहेर सरकली. मी स्टिअरिंग उलट फिरवण्याआधीच ब्रेकची खरखर पायाला जाणवली, इंजिनचा जोर उतरला, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. ही यंत्रणा उगाच मध्ये पडते, असे मला तेव्हा वाटले. त्याच दिवशी दुपारी, अर्ध्या तासाच्या वळणावळणाच्या रस्त्यानंतर, त्याच चौकातून त्याच वेगाने गेलो, तेव्हा तो दिवा लागलाही नाही.

उन्हाळी परफॉर्मन्स टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात नीट रुतत नाही. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने बराच वेळ गेल्यानेही ते फारसे तापत नाही. ब्रेक, वेग घेणे आणि वळणे यांमुळे रबर वारंवार दाबले व ताणले जाते, तेव्हा खरी ऊब आतपर्यंत पोहोचते. १९९५ मध्ये प्रवासी गाड्यांत आलेले स्टॅबिलिटी कंट्रोलचे तंत्र स्टिअरिंगचा कोन आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे याची तुलना करते. मागची बाजू घसरली तर ते पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक लावते आणि पुढची बाजू वळणाबाहेर जाऊ लागली तर मुख्यतः मागच्या आतल्या चाकाला. मात्र हे सारे टायर देईल तेवढ्याच पकडीत चालते. माझ्या गाडीतील यंत्रणेला टायरचे तापमान ठाऊक नसते. पकड कमी आहे हे तिला घसरण सुरू झाली की मगच कळते. डॅशबोर्डवर हवेचा दाब दिसतो, तापमान दिसत नाही, आणि या किमतीच्या गाडीत ही मला मोठी उणीव वाटते.

ट्रॅकवर प्रश्न उलटा होतो, तिथे टायर जास्त तापतात. थंड असताना ३२ पीएसआय भरलेली हवा पाच लॅपनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) ३७ पर्यंत चढलेली आढळली. तापमापकाची सुई रुतवून मोजल्यावर पुढच्या डाव्या टायरचे रबर आतल्या कडेला ९४, मध्ये ८८ आणि बाहेरच्या कडेला ८१ अंश होते. दुसऱ्या ते चौथ्या लॅपमध्ये गाडी सर्वांत नेमकी वळते. सातव्या लॅपपर्यंत रबर तेलकट वाटू लागते, पुढची बाजू वळणाबाहेर ओढ घेते आणि पिवळा दिवा पुन्हा लुकलुकतो. या टप्प्यावर यंत्रणेवर विसंबून तसेच रेटत राहिले तर तिने लावलेल्या ब्रेकची उष्णताही वाढत जाते. मी आता तो दिवा दोनदा लागला की एक लॅप सावकाश काढतो.

स्पोर्ट मोडमध्ये यंत्रणा थोडी घसरण चालू देते आणि मगच हात घालते. ऊबदार टायरवर मला हीच सेटिंग सर्वांत आवडली, कारण गाडी अ‍ॅक्सिलरेटरनेही थोडी वळवता येते आणि चूक सावरलीही जाते. सुरुवातीची पंधरा मिनिटे मात्र मी ती निवडत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर यंत्रणा पूर्ण बंद करत नाही. पुढच्या थंडीआधी हिवाळी टायरचा वेगळा संच घ्यायचे मी ठरवले आहे.