स्वादुपिंडातील गाठ : आधी बायोप्सी की थेट शस्त्रक्रिया?

वर्षानुवर्षे स्वादुपिंडाचा दाह असलेल्या रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली, की नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखवा किंवा मिहानच्या एम्सला, कुटुंबापुढचा प्रश्न तोच असतो : एंडोस्कोपीतून सुई घालून आधी तुकडा तपासावा, की थेट स्वादुपिंडाचे डोके काढून टाकणारी व्हिपल शस्त्रक्रिया करून घ्यावी?

सुईचा त्रास कमी. तपासणीनंतर दाह उसळतो तो शंभरात एक-दोघांचा. शिवाय प्रत्येक गाठ नेहमीच्या कर्करोगाची नसते. ॲसिनार सेल कार्सिनोमा हा स्वादुपिंडाच्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक-दोन रुग्णांना होणारा प्रकार पाचकरस बनवणाऱ्या पेशींतून उद्भवतो आणि काहींच्या रक्तातील लायपेज हे पाचक एन्झाइम इतके वाढवतो, की जुनाच दाह पुन्हा बळावला असे समजून मोलाचे आठवडे निघून जाऊ शकतात. त्याच्या निदानासाठी सुट्या पेशींपेक्षा सलग तुकडा हवा, कारण त्यावर ट्रिप्सिन आणि बीसीएल १० या प्रथिनांच्या विशेष चाचण्या कराव्या लागतात. आयजीजी ४ या प्रतिपिंडाशी निगडित दाहही हुबेहूब गाठीसारखा दिसतो, पण तो स्टेरॉइडने ओसरतो. त्याच्यासाठी पोट उघडले जाऊ नये.

मात्र सुई सर्वांत जास्त चुकते ती नेमकी याच रुग्णांत. कडक झालेल्या, खडे साचलेल्या ग्रंथीत ती गाठीच्या शेजारचाच भाग उचलू शकते, म्हणून ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या अहवालावर निश्चिंत होता येत नाही. रक्तातील सीए १९-९ या कर्करोगसूचक घटकाची सर्वसाधारण मर्यादा ३७ युनिट मानतात, परंतु काविळीतही ती ओलांडली जाते आणि काहींच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग निघतो. संपूर्ण गाठ तपासायला मिळते, पुष्कळांच्या जुन्या वेदनाही कमी होतात. पण गुंतागुंती बऱ्याच, पुढे मधुमेहाची शक्यता आणि अनेकांना जेवणासोबत कायमच्या एन्झाइमच्या कॅप्सूल. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे सर्जनना संकोच न करता विचारावे.

माझ्या मते गाठ काढण्याजोगी आणि संशय दाट असेल, तर बायोप्सी पुनःपुन्हा करण्यात वेळ दवडू नये. रोग पसरला असल्यास किंवा केमोथेरपी आधी द्यायची असल्यास तुकड्याला पर्याय नाही. ‘अहवाल निगेटिव्ह आला तरी ऑपरेशन कराल का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर सुईची गरज बरीच कमी होते. दुसऱ्या मतासाठी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला टाटामध्ये जायचे ठरलेच, तर फायलीसोबत तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेला तुकडा) मागून घ्यावेत.